छायाचित्रणाचा आरंभकाळ व महाराष्ट्र

भिंगातून पडणारी प्रतिमा रासायनिक क्रियेच्या साहाय्याने एखाद्या पृष्ठावर कायम करण्याच्या कलेस छायाचित्रण म्हणतात. ही कला १८३९ मध्ये पॅरिस व लंडन येथे जाहीर झाली आणि पुढील पंधरा वर्षांतच मुंबईत तिच्या अभ्यासकांची संस्था स्थापन झाली. १८३९ ते सु. १८८० या चाळीस वर्षांत दागेरोटाइप, कॅलोटाइप व ओले कलोडियन या तीन प्रमुख प्रक्रिया एकीमागून एक प्रचारात आल्या आणि मागे पडल्या. कशाचे चित्र घेता येईल, किती प्रती निघतील व त्या किती काळ टिकतील, हे त्या त्या प्रक्रियेच्या रासायनिक गुणधर्मांवर अवलंबून होते. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राची जी छायाचित्रे आज उपलब्ध आहेत, त्यांत दगडी वास्तू पुष्कळ, माणसे बेताची व भित्तिचित्रे अगदी थोडी का आढळतात, याचा उलगडाही बऱ्याच अंशी याच गुणधर्मांवरून होतो.

पूर्वपीठिका : अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला लहानसे छिद्र पाडले असता बाहेरील दृश्याची उलटी प्रतिमा समोरच्या भिंतीवर पडते, हे प्राचीन काळापासून ज्ञात होते. छिद्राच्या जागी बहिर्गोल भिंग बसवून केलेली सुटसुटीत पेटी यूरोपातील चित्रकार सतराव्या शतकापासून रेखाटनासाठी वापरीत. प्रकाशाने चांदीची लवणे काळी पडतात, हे योहान हाइन्रिख शुल्त्से या जर्मन वैज्ञानिकांनी अठराव्या शतकाच्या पहिल्या चरणात दाखवून दिले. इंग्लंडमध्ये टॉमस वेजवुड यांनी सिल्व्हर नायट्रेट लावलेल्या कागदावर व चामड्यावर पानांच्या आकृत्या उमटविल्या आणि १८०२ मध्ये हंफ्री डेव्ही यांच्या साहाय्याने त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. तथापि या आकृत्या दिव्याच्या उजेडातच पाहाव्या लागत. दिवसाच्या प्रकाशात त्या पूर्णपणे काळ्या होत. प्रतिमा मिळविणे साधले होते, ती थांबविणे साधले नव्हते. आरंभकालीन संशोधकांपुढील खरा प्रश्न हाच होता.

कॅमेऱ्यात मिळालेली व आजतागायत टिकलेली सर्वांत जुनी प्रतिमा फ्रान्समधील झोझेफ नीसेफॉर न्येप्स (१७६५–१८३३) यांची आहे. त्यांनी कथिल-शिसे मिश्रधातूच्या पत्र्यावर अस्फाल्टाचा एक प्रकार पातळ थराने लावला. प्रकाश पडलेल्या भागातील थर कठीण होतो व न पडलेला भाग तेलाने धुऊन जातो, या गुणधर्माचा त्यांनी उपयोग केला. १८२६ किंवा १८२७ मध्ये त्यांनी ल ग्रा येथील आपल्या घराच्या खिडकीतून दिसणारे दृश्य अशा पत्र्यावर घेतले. त्यासाठी कॅमेरा निदान आठ तास उघडा ठेवावा लागला. पुढील अभ्यासकांच्या मते हा काळ याहून किती तरी अधिक असावा. सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे गेल्यामुळे या चित्रात इमारतींच्या दोन्ही बाजू उजळलेल्या दिसतात.

दागेरोटाइप : न्येप्स यांनी १८२९ मध्ये पॅरिसमधील रंगभूमीचे चित्रकार लूई झाक मांदे दागेर (१७८७–१८५१) यांच्याशी भागीदारी केली. न्येप्स यांच्या मृत्यूनंतर दागेर यांनी स्वतंत्र प्रयोगांनी वेगळीच प्रक्रिया सिद्ध केली. ७ जानेवारी १८३९ रोजी फ्रान्सोआ आरागो यांनी तिची घोषणा फ्रेंच विज्ञान अकादमीत केली. फ्रेंच शासनाने दागेर यांना वार्षिक ६,००० फ्रँक व न्येप्स यांच्या पुत्रास ४,००० फ्रँक निवृत्तिवेतन देऊन ही प्रक्रिया विकत घेतली आणि १९ ऑगस्ट १८३९ रोजी तिचा संपूर्ण तपशील सार्वजनिक केला.

या प्रक्रियेत चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा आरशासारखा घासून चकचकीत करीत व आयोडिनाच्या वाफेवर धरीत. त्यामुळे पृष्ठावर सिल्व्हर आयोडाइडाचा प्रकाशसंवेदी थर तयार होई. कॅमेऱ्यात प्रकाश दिल्यानंतर पत्र्यावर काहीच दिसत नसे. परंतु तापविलेल्या पाऱ्याच्या वाफेवर तो धरला की, जेथे प्रकाश पडला असेल तेथे पारा बसून प्रतिमा प्रकट होई. अदृश्य अशा सुप्त प्रतिमेचे नंतर विकासन करता येते, हा दागेर यांचा महत्त्वाचा शोध होय. यामुळे तासांचे काम मिनिटांवर आले. प्रतिमेच्या स्थिरीकरणासाठी प्रथम मिठाचे पाणी व पुढे सोडियम थायोसल्फेट ऊर्फ हायपो वापरण्यात आला. चांदीची लवणे हायपोत विरघळतात, हे जॉन हर्शेल (१७९२–१८७१) यांनी १८१९ मध्येच शोधून काढले होते. १८४० मध्ये योझेफ पेट्सव्हाल यांनी अधिक प्रकाश घेणारे भिंग तयार केले, तसेच आयोडिनाच्या जोडीला ब्रोमिनाचा उपयोग सुरू झाला. त्यामुळे व्यक्तिचित्रे घेणे सुकर झाले.

दागेरोटाइपमधील बारकावा पुढील अनेक प्रक्रियांना साधला नाही. तथापि हे चित्र एकुलते एक असे. त्याच्या प्रती निघत नसत. पृष्ठावरील प्रतिमा बोटाच्या स्पर्शानेही पुसली जाई, म्हणून ती काचेखाली हवाबंद ठेवावी लागे. दमट व क्षारयुक्त हवेत चांदी लवकर काळवंडते. कलकत्त्यात १८४० च्या आरंभीच दागेरोटाइपच्या साहित्याची विक्री होऊ लागली होती. मुंबईत विल्यम जॉन्सन यांनी १८५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत या प्रक्रियेने व्यक्तिचित्रे काढण्याचा व्यवसाय केला. तथापि भारतातील दागेरोटाइप आज अत्यंत दुर्मिळ आहेत. मूळ चित्र नष्ट झाले की मागे काहीच उरत नसल्याने या देशातील छायाचित्रणाचे पहिले दशक जवळजवळ चित्राविना राहिले आहे.

कॅलोटाइप : इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट (१८००–७७) यांनी दागेर यांच्या कार्याची माहिती नसताना निराळ्या मार्गाने हाच प्रश्न हाताळला होता. १८३५ मध्ये त्यांनी लॅकॉक ॲबी या आपल्या निवासस्थानातील जाळीदार खिडकीची ऋणप्रतिमा कागदावर मिळविली. दागेर यांच्या शोधाची वार्ता आल्यावर त्यांनी जानेवारी १८३९ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आपली चित्रे मांडली. १८४० मध्ये त्यांनाही सुप्त प्रतिमेच्या विकासनाचा शोध लागला आणि १८४१ मध्ये त्यांनी कॅलोटाइप या नावाने या प्रक्रियेचे एकस्व घेतले.

कॅलोटाइपसाठी उत्तम प्रतीचा लेखनाचा कागद प्रथम सिल्व्हर नायट्रेटाच्या व मग पोटॅशियम आयोडाइडाच्या विद्रावाने भिजवीत. वापरण्यापूर्वी त्यावर सिल्व्हर नायट्रेट व गॅलिक अम्ल यांचे मिश्रण लावीत. प्रकाश दिल्यावर त्याच मिश्रणाने प्रतिमेचे विकासन करीत, हायपोने ती स्थिर करीत आणि कागद पारदर्शक व्हावा म्हणून त्यास मेण लावीत. या ऋणप्रतिमेत उजळ भाग काळे व काळे भाग उजळ दिसत. तिच्याखाली दुसरा संवेदी कागद ठेवून दोन्ही उन्हात धरले की धनप्रतिमा उमटे. एका ऋणप्रतिमेपासून हव्या तितक्या प्रती काढण्याचे हे तत्त्व पुढील दीडशे वर्षे छायाचित्रणाचा पाया ठरले. ‘निगेटिव्ह’ व ‘पॉझिटिव्ह’ हे शब्द या अर्थाने हर्शेल यांनी रूढ केले.

कागदाचे तंतू प्रतिमेत उतरत असल्याने कॅलोटाइपमध्ये बारीक तपशील काहीसा पुसट होई. उलट प्रवासाच्या दृष्टीने कागद सोयीचा होता. तो हलका असून फुटत नसे. फ्रान्समधील ग्यूस्ताव्ह ल ग्रे (१८२०–८४) यांनी १८५१ मध्ये कागदास आधीच मेण लावण्याची सुधारणा केली. असा कागद कित्येक दिवस अगोदर तयार करून ठेवता येई व त्याचे विकासनही सवडीने करता येई. त्यासाठी प्रकाश मात्र बराच वेळ द्यावा लागे. यामुळे कागदी ऋणप्रतिमेचा उपयोग मुख्यतः हालचाल न करणाऱ्या विषयांसाठी झाला. मंदिर, मशीद व किल्ला हे तिचे स्वाभाविक विषय ठरले.

मुंबईची छायाचित्रण संस्था : १८५४ मध्ये मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ ही संस्था स्थापन झाली. भारतातील ही अशा प्रकारची पहिली संस्था होय; लंडनमधील अशाच संस्थेची स्थापना त्यापूर्वी केवळ एक वर्ष, १८५३ मध्ये झाली होती. कलकत्ता व मद्रास येथील संस्था १८५६ मध्ये निघाल्या. मुंबईच्या संस्थेत लष्करी व मुलकी अधिकारी, डॉक्टर व व्यापारी यांच्याबरोबर भारतीय सभासदही होते. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांची नावे त्यांत विशेष उल्लेखनीय आहेत. संस्थेने आपले नियतकालिकही चालविले. विद्रावांची प्रमाणे, उष्ण हवेतील अडचणी व मिळालेले परिणाम यांची चर्चा सभासदांत होत असे.

त्या काळी डॉक्टरांना या कलेची ओढ वाटणे स्वाभाविक होते. रसायने हाताळण्याचे शिक्षण त्यांना मिळालेले असे आणि ईथर, अल्कोहॉल व सिल्व्हर नायट्रेट हे पदार्थ दवाखान्यातही वापरात होते. नारायण दाजी हे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले असून त्यांनी घेतलेली चित्रे त्या काळी प्रसिद्धही झाली. याच सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग चालविण्यात आला. त्या वर्गात तयार झालेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत व्यवसाय सुरू केला. छायाचित्रणावर उपजीविका करणाऱ्या पहिल्या भारतीयांत त्यांची गणना होते. नवी कला जाहीर होऊन वीस वर्षे होण्याच्या आतच मराठी माणूस कॅमेऱ्यासमोर बसण्याबरोबर कॅमेऱ्यामागेही उभा राहू लागला होता, ही या काळातील लक्षणीय गोष्ट होय.

शासनानेही या कलेची दखल लवकर घेतली. प्राचीन वास्तूंची हाताने रेखाटने करण्यापेक्षा छायाचित्रे घेणे स्वस्त व अचूक ठरेल, असे ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांचे मत झाले. १८५५ मध्ये मुंबई शासनाने तोफखान्यातील अधिकारी टॉमस बिग्ज यांना दक्षिणेकडील वास्तूंची छायाचित्रे घेण्याच्या कामी नेमले. त्यांनी कागदी ऋणप्रतिमांच्या साहाय्याने विजापूर, बादामी, ऐहोळे इ. ठिकाणी काम केले. ही स्थळे आज कर्नाटक राज्यात मोडतात. लष्करी सेवेत परत जावे लागल्याने त्यांचे काम डॉ. विल्यम हेन्री पिगू यांच्याकडे व पुढे डॉ. ए. सी. बी. नील यांच्याकडे आले. या तिघांची चित्रे १८६६ मध्ये विजापूर आणि धारवाड–म्हैसूर येथील वास्तुकलेवरील ग्रंथांतून प्रसिद्ध झाली.

ओले कलोडियन : १८५१ मध्ये लंडनचे शिल्पकार फ्रेडरिक स्कॉट आर्चर (१८१३–५७) यांनी कागदाऐवजी काच वापरण्याची प्रक्रिया प्रसिद्ध केली. तिचे एकस्व त्यांनी घेतले नाही. पुढील तीस वर्षे जगातील बहुतेक छायाचित्रे तिच्या साहाय्याने निघाली. आर्चर मात्र दारिद्र्यातच वारले.

नायट्रिक व सल्फ्यूरिक अम्लांची क्रिया झालेला कापूस ईथर व अल्कोहॉल यांच्या मिश्रणात विरघळविला असता कलोडियन हा चिकट द्रव मिळतो. त्यात आयोडाइड मिसळून तो स्वच्छ काचेवर ओतीत आणि काच कलती करून चारी कोपऱ्यांपर्यंत पसरवीत. थर किंचित घट्ट होताच अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटाच्या विद्रावात काही मिनिटे बुडवीत व ओली असतानाच कॅमेऱ्यात घालीत. प्रकाश दिल्यानंतर लगेच फेरस सल्फेट वा पायरोगॅलिक अम्ल ओतून प्रतिमेचे विकासन करीत. मग हायपोने किंवा पोटॅशियम सायनाइड या जहाल विषाने ती स्थिर करून काच धूत व शेवटी तिला रोगण लावीत. थर वाळला की त्याची संवेदनशीलता नाहीशी होई. त्यामुळे ही सर्व कामे साधारणपणे दहा-पंधरा मिनिटांच्या आत उरकावी लागत. सिल्व्हर नायट्रेटामुळे छायाचित्रकाराची बोटे कायम काळी असत.

काच पारदर्शक व गुळगुळीत असल्याने कागदाची प्रतसुलभता व दागेरोटाइपचा बारकावा हे दोन्ही गुण या प्रक्रियेत एकत्र आले. प्रकाश देण्याचा काळही सेकंदांवर आला. धनप्रतिमेसाठी ल्वी देझीरे ब्लांकार-एव्हरार (१८०२–७२) यांनी १८५० मध्ये सुचविलेला अल्ब्युमेन कागद वापरीत. त्यावर अंड्यातील पांढऱ्या बलकात मीठ मिसळून केलेला थर असे. हा कागद सिल्व्हर नायट्रेटाच्या विद्रावावर तरंगवून संवेदी करीत, ऋणप्रतिमेखाली घालून उन्हात ठेवीत व उमटलेल्या चित्रास सोन्याच्या लवणाने जांभळट तपकिरी छटा देत.

व्यक्तिचित्रे : सेकंदांत चित्र निघू लागल्यामुळे माणूस हा छायाचित्राचा विषय झाला. मुंबईत विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन यांनी १८५६ पासून ‘द इंडियन ॲमॅच्युअर्स फोटोग्राफिक ॲल्बम’ हे मासिक संग्रहपुस्तक काढले. छायाचित्रे छापण्याचे तंत्र उपलब्ध नसल्याने प्रत्येक अंकात प्रत्यक्ष उन्हात काढलेल्या प्रती चिकटविलेल्या असत. त्यांत वास्तू व निसर्गदृश्ये यांच्या जोडीला मुंबईतील निरनिराळ्या जातींच्या व व्यवसायांच्या लोकांचे गट होते. जॉन्सन यांनी मुंबईतील रहिवाशांविषयीचा आपला ग्रंथ दोन खंडांत (१८६३ व १८६६) लंडनहून प्रसिद्ध केला. त्यातील दुसरा खंड महाराष्ट्राविषयी आहे.

या ग्रंथांतील अनेक चित्रे जोडकामाची आहेत. माणसांचे चित्र एका ठिकाणी घेऊन त्यास दुसरीकडच्या दृश्याची पार्श्वभूमी देण्यात आली आहे. पोशाख, दागिने, पगडीची बांधणी व अवजारे यांविषयी ही चित्रे मोलाची माहिती देतात. परंतु चित्रातील व्यक्तीचे नाव बहुधा दिलेले नसते, केवळ जात वा धंदा दिलेला असतो. १८६८ ते १८७५ या काळात शासनाने प्रसिद्ध केलेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या आठ खंडांच्या ग्रंथातही माणसाकडे व्यक्ती म्हणून न पाहता समूहाचा नमुना म्हणून पाहिले गेले. हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारख्या व्यावसायिकाकडे पैसे देऊन येणारा गृहस्थ स्वतःच्या इच्छेने, आवडीच्या पोशाखात बसे व ते चित्र घरी जपून ठेवी. त्यामुळे एकाच प्रक्रियेने निघालेल्या या दोन प्रकारच्या चित्रांचा पुरावा म्हणून उपयोग करताना, चित्र कोणी व कोणासाठी काढविले, हे पाहणे आवश्यक ठरते.

अजिंठा : छायाचित्रणाची उपयुक्तता व तिच्या मर्यादा अजिंठ्याच्या उदाहरणात सर्वांत स्पष्ट दिसतात. मद्रासच्या सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल (१८०४–७९) यांची १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार करण्यासाठी नेमणूक झाली. जवळजवळ वीस वर्षे त्यांनी तैलरंगांत मोठ्या आकाराच्या प्रतिकृती केल्या. त्या लंडनला पाठविण्यात आल्या व सिडनम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडण्यात आल्या. डिसेंबर १८६६ मध्ये तेथे लागलेल्या आगीत मोजक्या प्रतिकृती वगळता सर्व नष्ट झाल्या.

१८५६ च्या सुमारास गिल यांनी छायाचित्रणास आरंभ केला होता. त्यांनी मुख्यतः त्रिमितीय जोडचित्रे घेतली. माणसाच्या दोन डोळ्यांमधील अंतर लक्षात घेऊन दोन भिंगांनी एकाच दृश्याची दोन चित्रे घेतात आणि ती विशिष्ट उपकरणातून पाहिली असता दृश्याला खोली आल्याचा भास होतो. लेण्यांतील स्तंभ, चैत्य व शिल्पे यांना हा प्रकार विशेष अनुकूल होता. त्यांची चित्रे जेम्स फर्ग्युसन (१८०८–८६) यांच्या विवेचनासह १८६४ मध्ये दोन ग्रंथांतून प्रसिद्ध झाली. त्यांपैकी भारतातील शैलगृहांवरील ग्रंथात ७४ चित्रे आहेत. गिल यांच्या तैलप्रतिकृती जळाल्या, परंतु ही छायाचित्रे अनेक प्रतींत विखुरलेली असल्याने शिल्लक राहिली.

तथापि जे जळाले, त्याची जागा ही छायाचित्रे भरून काढू शकत नव्हती. कलोडियन केवळ निळ्या व जांभळ्या प्रकाशास संवेदनशील असते. त्यामुळे निळा रंग चित्रात फिकट येई, तर तांबडा व पिवळा हे रंग जवळजवळ काळे उमटत. गेरू व पिवळी माती यांचाच मुख्यतः वापर असलेल्या अजिंठ्याच्या चित्रांची यामुळे ओळखही राहिली नसती. शिवाय गुहांत प्रकाश अत्यल्प. म्हणून गिल यांच्या छायाचित्रांत दर्शनी भाग व शिल्पे ठळक आढळतात, रंगचित्रे मात्र हाताने उतरविणे भाग होते. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स (१८३७–१९१८) यांनी मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतील विद्यार्थ्यांसह पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यांपैकी बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमध्येच लागलेल्या दुसऱ्या आगीत जळाल्या. उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्स यांचा ग्रंथ १८९६–९७ मध्ये प्रसिद्ध झाला. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल (१८३४–९८) यांनी रंजकद्रव्ये मिसळून पट्टिका इतर रंगांनाही संवेदनशील करण्याची युक्ती शोधली. तिचा प्रसार झाल्यावरच अशा चित्रांचे विश्वसनीय छायाचित्रण शक्य झाले. मध्यंतरी भिंतींवरील मूळ चित्रांची झीज चालूच राहिली. दोनदा केलेले श्रम दोनदा आगीत गेले आणि जे साधन ते वाचवू शकले असते, ते अद्याप तयार झाले नव्हते.

वऱ्हाड व यवतमाळ : हैदराबादच्या निजामाने १८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत ब्रिटिशांच्या व्यवस्थेखाली दिला. आजच्या यवतमाळ जिल्ह्याचा बराचसा भाग तेव्हा वणी जिल्हा या नावाने ओळखला जाई. यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये रूढ झाले. वऱ्हाडातील वास्तूंची आरंभीची छायाचित्रे गिल यांच्याच नावावर आहेत. लोणार (जि. बुलढाणा) येथील दैत्यसूदन मंदिराचे शिल्पकाम त्यांनी १८६०–७० च्या दशकात काचेवर उतरविले. अजिंठ्याहून वऱ्हाडचा पश्चिम भाग जवळ असल्याने त्या बाजूची स्थळे प्रथम कॅमेऱ्यात आली.

पूर्वेकडील मुलखात या प्रक्रियेला हवामानाचाच अडथळा होता. कलोडियनातील ईथर सु. ३५° से. तापमानास उकळते. यवतमाळ परिसरात उन्हाळ्यात तापमान ४०° से. च्या वर जाते. अशा हवेत काचेवर ओतलेला कलोडियनाचा थर पसरण्यापूर्वीच सुकू लागे व विकासन अनावर वेगाने होऊन प्रतिमेवर धुके चढे. म्हणून काम थंडीच्या दिवसांत व सकाळच्या प्रहरी करणे श्रेयस्कर असे. काचा, बाटल्या, कॅमेरा, तिपाई, अंधारी राहुटी व धुण्यासाठी स्वच्छ पाणी एवढा संभार बैलगाडीतून न्यावा लागे. भुसावळ–नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला, तो बडनेऱ्यावरून गेला. यवतमाळ शहर त्यापासून दूर राहिले. मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंतचा अरुंदमापी फाटा विसाव्या शतकात झाला. जिल्ह्यातील हेमाडपंती मंदिरे, मुंबई व पुण्याजवळच्या लेण्यांच्या मानाने, छायाचित्रकारांच्या वाटेवर नव्हती. हेन्री कझेन्स यांनी १८९७ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडातील प्राचीन अवशेषांची सूची प्रसिद्ध केली, तोपर्यंत ओल्या कलोडियनाचे युग संपले होते. एखाद्या प्रदेशाची जुनी छायाचित्रे कमी मिळतात, यावरून तेथे पाहण्यासारखे काही नव्हते असा निष्कर्ष काढणे म्हणूनच बरोबर होणार नाही. पुष्कळदा तेथवर राहुटी पोहोचली नव्हती, इतकाच त्याचा अर्थ असतो.

कोरड्या पट्टिका : १८७१ मध्ये इंग्लंडमधील डॉ. रिचर्ड लीच मॅडॉक्स (१८१६–१९०२) यांनी कलोडियनाऐवजी जिलेटिनात सिल्व्हर ब्रोमाइडाचे पायस करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १८७८ मध्ये चार्ल्स बेनेट यांनी पायस काही दिवस उबदार ठेवून त्याची संवेदनशीलता फार वाढविली. अशा पट्टिका कारखान्यात तयार होत, महिनोन्‌महिने टिकत व सेकंदाच्या अंशात चित्र देत. राहुटीची गरज संपली. उष्ण प्रदेशात जिलेटिन कोमट पाण्यात मऊ होऊन काचेवरून सुटे. म्हणून तुरटीने ते कठीण करणे व विकासनासाठी रात्रीचे थंड पाणी वापरणे असे उपाय छायाचित्रकार करीत. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमन (१८५४–१९३२) यांचा कोडॅक कॅमेरा बाजारात आला आणि रसायनांचे ज्ञान नसलेल्या माणसालाही चित्र घेणे शक्य झाले.

महाराष्ट्रात या काळात छायाचित्रण शहरांतून जिल्ह्याच्या गावांपर्यंत पसरले. चित्रपटाचा उदयही याच व्यवसायातून झाला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा (१८६८–१९५८) हे मूळचे छायाचित्रकार असून १८९९ मध्ये त्यांनी मुंबईत कुस्तीच्या सामन्याचे चलच्चित्रण केले. दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रणाचे शिक्षण घेतले होते आणि काही काळ पुरातत्त्व खात्यातही काम केले होते.

जतन : आरंभकालीन चित्रे नाश पावण्याची कारणे त्यांच्या प्रक्रियेतच आहेत. कागदात हायपोचा अंश राहिला, तर त्यातील गंधक चांदीशी संयोग पावून प्रतिमा पिवळी पडते. १८५५ मध्येच लंडनच्या संस्थेने या प्रश्नाच्या चौकशीसाठी समिती नेमली होती. अल्ब्युमेन कागद दमट हवेत पिवळा पडतो व त्याच्या थरास बारीक तडे जातात. काचेच्या पट्टिका फुटतात. रोगण निघाले की कलोडियनाचा थर सुटू लागतो. जुन्या व्यवसायगृहांतील काचा पुसून खिडक्यांना व तसबिरींना वापरल्याची उदाहरणे अनेक देशांत आढळतात. अशी चित्रे कोरड्या जागी, अम्लरहित कागदात, उजेडापासून दूर ठेवणे आणि काचा उभ्या रचणे हे त्यांच्या रक्षणाचे साधे उपाय होत. चित्राच्या मागे स्थळ, वर्ष व व्यक्तींची नावे मऊ पेन्सिलीने नोंदविणेही तितकेच महत्त्वाचे आहे. कारण प्रतिमा शिल्लक राहून नाव हरवले, तर जॉन्सन यांच्या ग्रंथातील माणसांप्रमाणे ती व्यक्तीही केवळ नमुना होऊन राहते.